बकुळेची बैठक

माघ वद्य तृतीया, गुरुवार. सकाळी धुके होते, ते ऊन वर येताच विरले, वारा नव्हता. तांबुळगडचा दरबार त्या दिवशी पहिल्या प्रहरापासून उभा होता, कारण गादीवर मांजर झोपले होते.

मांजर रणधवल महाराजांचे. नाव बकुळा, रंग पांढरा, शेपटीचे टोक काळे. महाराज लढाईत कधी मागे हटले नव्हते, पण झोपलेल्या बकुळेला उठवायला त्यांचा हात धजत नसे. गादीवर बकुळा, म्हणून महाराज उभे. महाराज उभे असताना कोणी बसायचे नाही हा तांबुळगडचा जुना रिवाज, म्हणून सगळा दरबार उभा. साठी उलटलेले दिवाण त्र्यंबकराव कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत होते.

यावर उपाय म्हणून महाराजांनी सुभाना सुताराकडून बकुळेसाठी शिसवी बैठक करवून घेतली होती. काम तीन महिन्यांचे. लांबी दीड हात, चारी बाजूंना वीतभर कठडा, त्यावर वेलबुट्टी, आत मखमली उशी. गवत भरलेल्या मोठ्या टोपलीतून ती त्या दिवशी दरबारात आली. आवाजाने बकुळा जागी झाली. तिने बैठकीचा एक कोपरा हुंगला आणि ती रिकाम्या टोपलीत, गवतावर जाऊन बसली. महाराज सुटकेचा निःश्वास टाकून गादीवर टेकणार, तोच टोपलीतून निघून ती त्यांच्या आधी गादीवर पोचली.

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. महाराजांचा चेहरा लाल झाला. मांजरावर रागावणे त्यांना जमत नव्हते, तेव्हा ते सुतारावर रागावले. बैठकीतच खोट आहे, असे त्यांनी ठरवले. रविवारच्या दरबारात बकुळा गादी सोडून आपल्या पायांनी बैठकीत गेली पाहिजे. तिला हात लावायचा नाही, दूध-मासळी दाखवायची नाही, बांधायचे नाही. तोवर सुभानाची हत्यारे सरकारी कोठीत राहतील, आणि ती गेली नाही तर कायमची तिथेच. रंधा, वाकस, करवत, पटाशा, एकूण सोळा हत्यारे त्याच दुपारी कोठीत गेली.

सुभाना घरी आला तो अंगणात आपल्या गोणपाटावर नुसता बसून राहिला. काम करायला हातात काही नव्हते. मुलगी गोजरा हिने सारे विचारून घेतले. सुभाना पाणी प्यायला उठला, तशी भिंतीवरची त्यांची करडी मांजर खाली उतरली आणि गोणपाटावर बसली. हे रोजचेच होते. सुभाना परत येऊन शेजारच्या फळीवर बसला. थोड्या वेळाने तो चुलीपाशी गेला, तर करडी गोणपाट सोडून फळीवर.

गोजरा हसायला लागली.

"माझी हत्यारं गेली आणि तुला हसू येतंय?" सुभाना म्हणाला.

"आबा, रविवारी मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "बैठक मजबूत आहे ना?"

"शिसव आहे ते. हत्ती बसला तरी मोडायचं नाही."

"हत्ती नाही बसणार," गोजरा म्हणाली.

षष्ठी, रविवार. आकाश निरभ्र. बकुळा गादीवर, दरबार उभा. गोजराने मुजरा केला आणि महाराजांना एकच विनंती केली: आजचा कारभार महाराजांनी बकुळेच्या बैठकीत बसून करावा.

दरबारात कुजबुज सुरू झाली. "काय गं," दिवाण म्हणाले, "महाराजांना मांजर समजलीस?"

"नाही दिवाणजी. पण तुमचे पाय दुखतायत. महाराज बसले की तुम्हालाही बसता येईल."

दिवाणांनी पुढे काही हरकत घेतली नाही.

महाराज हट्टी होते, तसे हौशीही होते. ते बैठकीत बसले. देह चांगला भारदस्त, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागले आणि कठडा दोन्ही कुशींना घट्ट बसला. सुभानाने डोळे मिटून घेतले. बैठक कुरकुरलीसुद्धा नाही. दरबार बसला. सर्वांत आधी दिवाण बसले.

महाराज अर्ज ऐकू लागले. पहिल्या अर्जाला बकुळेने एक डोळा उघडला. दुसऱ्याला दोन्ही. तिसऱ्या अर्जाला ती गादीवरून उतरली, बैठकीला दोन फेऱ्या घातल्या आणि कठड्यावर पुढचे पाय टेकून महाराजांकडे एकटक पाहत राहिली.

"महाराज, आता उठा," गोजरा हळूच म्हणाली.

महाराजांना एकट्याने उठता येईना. दोन हुजऱ्यांनी दंड धरून त्यांना उपसून काढले. ते पुरते उभेही राहिले नव्हते तोच बकुळा आत शिरली, ऊबदार उशीवर तीनदा फिरली, वेटोळे करून बसली आणि डोळे मिटले. महाराज जाऊन गादीवर बसले.

"काय केलंस तू?" त्यांनी विचारले.

"काही नाही. तिला गादीही नको होती आणि मखमलही नको होती, महाराज. तुम्ही बसता ती जागा हवी होती."

दिवाणांना आता बसायला मिळाल्यामुळे बोलायची ताकद आली होती. "म्हणजे महाराजांनी काय रोज मांजराच्या बैठकीत बसायचं?"

"घटकाभरच," गोजरा म्हणाली. "दुसऱ्याच्या जागेवर डोळा असलेली दरबारात एकटी बकुळाच आहे का, दिवाणजी? बाकीच्यांना महाराज सांभाळतातच की."

दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. मग महाराज हसले. इतके हसले की पागोटे कलले, ते एका हाताने धरून ते हसत राहिले. बकुळेने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

सुभानाला सोळाही हत्यारे त्याच दिवशी परत मिळाली, आणि बैठक महाराजांच्या मापाने रुंद करण्याचे कामही मिळाले. गोजराला हिरवे लुगडे आणि एक दुभती म्हैस मिळाली. बकुळा चौथ्या प्रहरापर्यंत उठली नाही.