मखरातलं कासव

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कोणालाच ठाऊक नाही. लहानांनो, जरा पुढे सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्हीही बसा, उठून जाऊ नका, कारण गोष्ट खरं तर तुमच्यासाठी आहे. आणि एक आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. दर वेळी चढतो.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या खालच्या अंगाला तळं होतं आणि तळ्यात एक म्हातारं कासव राहत होतं. जोवर कासव आहे तोवर तळ्यात पाणी आहे, असं सगळं गाव मानत असे. म्हणून काठावरच्या देवळात येणारा प्रत्येक जण दोन नमस्कार करी, एक देवाला आणि एक कासवाला.

त्या गावात प्रत्येक घरामागे परस होतं. मोरीचं पाणी परसात जाई. तिथे अळू असे, केळ असे, कडेला कर्दळ असे. भांडी चुलीतल्या राखेनं घासली जात. खरकटं गाईपुढे जाई, राहिलेलं उकिरड्यात पडे आणि उकिरडा शेतात जाई. यात आपण काही पुण्य करतो आहोत असं कोणाला वाटत नसे. घर असंच चालवायचं असतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

मग एकदा राजाचा एक सरदार गावपाटलाकडे जेवायला आला. जेवून हात धुवायला परसात गेला आणि अळवाच्या चिखलात घसरून पडला. रेशमी धोतर माखलं. सरदार हसून म्हणाला, "पाटील, तुमच्याकडे अजून चिखलच आहे का?"

झालं! पाटलाच्या ते इतकं जिव्हारी लागलं, की दुसऱ्याच दिवशी त्यानं अळू उपटलं, केळ तोडली आणि परसभर फरशी घातली. मोरीचं पाणी बाहेर न्यायला दगडी पाट बांधला. परस आरशासारखं लख्ख झालं.

पाटलानं केलं म्हटल्यावर शेजाऱ्यानं केलं. शेजाऱ्यानं केलं म्हटल्यावर त्याच्या व्याह्यानं केलं. बघता बघता गावभर फरशा झाल्या. लग्न जुळवताना लोक नाकं मुरडून विचारू लागले, "त्यांच्या परसात अळू आहे म्हणे?" जणू अळू म्हणजे खरूजच! राखेनं हात काळे होतात म्हणून भांड्यांना बाजारातली पांढरी भुकटी आली. गाय लांब बांधली म्हणून खरकटंसुद्धा मोरीतूनच जाऊ लागलं. प्रत्येकाचं घर स्वच्छ झालं.

आणि ते सगळं पाणी गेलं कुठे? उताराला. उताराला काय होतं? तळं! हे त्या गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर त्यानं ते डोक्यातच ठेवलं.

एका वर्षात तळ्यावर साय धरली. दुसऱ्या वर्षी मासे उलटे तरंगू लागले. बायका पाणी दुहेरी फडक्यातून गाळू लागल्या, तरी पोरांची पोटं दुखायची थांबेनात. देवळाच्या गुरवाला एकच लेक होती, चिमुरडी. ती तर अंथरुणालाच खिळली. तिची आई रोज काठावर यायची, घागर बुडवायची, वास घ्यायची आणि डोळे पुसत तेच पाणी घेऊन घरी जायची. दुसरं पाणी आणणार कुठून?

एका सकाळी पाटील गावकऱ्यांसह देवळात आला असताना कासव पायरीवर चढलं. त्याच्या पाठीवर हिरवा चिकटा होता, डोळे लाल झाले होते. आणि ते बोललं.

"बास करा!" कासव म्हणालं. "माझा जन्म या पाण्यात गेला. आता मला या पाण्यात माझे पाय दिसत नाहीत. तुमच्या मोऱ्या माझ्या अंगावर सोडू नका!"

गाव थरारलं. लोकांनी लोटांगणं घातली. "कासवदेव बोलले! कासवदेव बोलले!" असा एकच गजर झाला. कासव बोललं याचा त्यांना इतका आनंद झाला, की ते काय बोललं हे ऐकायला कोणी थांबलंच नाही. लगेच उत्सव ठरला. ढोल आले, ताशे आले, जेवणावळी उठल्या. उष्टं कुठे गेलं ते विचारू नका. आणि कासवदेवाचा कोप शांत व्हावा म्हणून गावातल्या प्रत्येक घरानं एकेक घागर दूध तळ्यात ओतलं.

दूध! नासलेल्या पाण्यात! गावातली लेकरं पांढऱ्या थेंबाला महाग झालेली असताना! इथे माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती जायलाच हवी.

आठवडाभरात तळं असं घाण मारू लागलं, की देवळात नाकाला पदर लावून आरती होऊ लागली. कासव पुन्हा पायरीवर आलं. काठावर तेव्हा एकटी गुरवीण होती.

"मी काय म्हणालो होतो, ते कोणी ऐकलं होतं का?" कासव गरजलं.

"म्या ऐकलं व्हतं," गुरवीण म्हणाली. "पर कराचं काय, ते उमगलं न्हाई. माजी लेक हातची जायाची येळ आलीया. सांगा, कोंचं व्रत करू? किती उपास धरू?"

"व्रत नको, उपास नको. घरी जा आणि आपल्या मोरीचं तोंड परसाकडे वळव. फरशी उकर, अळू लाव, राख वापर."

"येवढंच?"

"एवढंच. म्हणून तर कोणी करत नाही," कासव म्हणालं.

गुरवीण तडक घरी गेली आणि कुदळ घेऊन फरशीवर तुटून पडली. आवाज ऐकून गुरव धावत आला.

"अगं, येडी का खुळी तू? गाव काय म्हनंल? देवाच्या पुजाऱ्याच्या घरात चिखल?"

"गावाचं नाव काढू नगा!" गुरवीण म्हणाली. "लेक आत कण्हतीया ती गावाला ऐकू येती का? मोरी आपली हाय, पानी आपन सोडलंया, आन पितीया आपलीच पोर. हात लावनार असाल तर लावा, न्हाईतर बाजूला व्हा."

तेवढ्यात आतून पोरीचं कण्हणं ऐकू आलं. गुरवानं खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीला लावलं आणि पुढची फरशी उचलली. संध्याकाळपर्यंत मोरी वळली होती.

इकडे पाटलानं सभा बोलावली. तळ्याचं काय करायचं? एक जण म्हणाला, राजाकडे तक्रार करू. दुसरा म्हणाला, डोंगरापलीकडची नदी इकडे वळवू. तिसऱ्याला शंभर ब्राह्मण जेवू घालायचे होते. तेवढ्यात गुरवीण मागून म्हणाली, "नदी कशाला वळवता? मोऱ्या वळवा की."

सभा खो खो हसली. पाटील म्हणाला, "गुरवीणबाई, एका मोरीनं कुठं तळं सुदारतंय व्हय?"

"एकेका मोरीनंच बिघडलं न्हवं, पाटील?"

मग सगळे एकदम बोलू लागले. आधी वरच्या आळीनं वळवावी, खालची म्हणाली. खालचीच मोठी आहे, वरची म्हणाली. माझ्या एकट्याच्या घरानं काय फरक पडणार, असं प्रत्येक जण म्हणाला आणि प्रत्येकाला ते अगदी पटलं. तुम्हीही हे वाक्य कधी म्हटलं असेल. म्हटलं असेल तर मान खाली घाला, मी कोणाकडे बघत नाही.

शेवटी पाटलाला एक युक्ती सुचली आणि ती सगळ्यांना फार आवडली. कासव चिडलंय, म्हणजे ते तळं सोडून जाणार. ते गेलं तर पाणी जाणार. म्हणून त्याला जाऊच द्यायचं नाही! काठावर दगडी चौथरा बांधला. त्यावर चांदीच्या पत्र्याचं मखर उभं केलं, भोवती कठडा घातला आणि कासवाला उचलून आत ठेवलं. रोज त्याच्यावर फुलं वाहिली जाऊ लागली. शिळी फुलं तळ्यात जाऊ लागली.

"पाटला," कासव मखरातून म्हणालं, "मी गेल्यावर पाणी जातं, असं तुम्हाला कोणी सांगितलं? मूर्खांनो, पाणी गेल्यावर मी जातो!"

"देव रागावले," असं म्हणून पाटलानं हात जोडले आणि घंटा वाजवायला सांगितली.

पावसाळा आला आणि गेला. गावभरच्या फरशांवरून पाणी सरसर वाहून गेलं. गुरवाच्या परसात मात्र ते मुरलं. अळू कमरेइतकं झालं. घराच्या पुढच्या अंगणात त्यांचा एक जुना आड होता, गावात फरशा आल्यापासून आटलेला. त्याला पाणी फुटलं. गुरवीण ते उकळून, गार करून लेकीला पाजू लागली. हळूहळू पोरगी उठून बसली, मग भिंत धरून चालू लागली.

उन्हाळा आला तेव्हा तळ्यात नुसता काळा राडा उरला. मखरातला दगड तव्यासारखा तापे. कासवाची मान आत गेली ती बाहेर येईना. फुलं मात्र रोज ताजी होती! एका दुपारी गुरवीण कठडा ओलांडून आत शिरली. तिनं कासवाला पदरात उचललं आणि भर गावातून, सगळ्यांच्या दारांवरून, घरी नेलं. परसात अळवाच्या पानांखाली ओल्या मातीत ठेवलं. बऱ्याच वेळानं त्याची मान बाहेर आली.

बातमी पसरली आणि गाव खवळलं. गेलं वर्षभर मोरी वळवायला ज्यांचे हात उठले नव्हते, त्यांच्या हातात आता काठ्या होत्या. "कासव चोरलं! म्हणून तळं आटलं!" ओरडत सगळे गुरवाच्या दारात आले. पाटील पुढे होता. त्याच्या कडेवर त्याची नात होती, ओठ सुकलेली.

गुरवीण कुदळ घेऊन दारात उभी राहिली. "या," ती म्हणाली. "मारा मला. पर मारल्यावर पानी येतं का, ते बी बघा."

तेवढ्यात नातीनं आड पाहिला. "आजा, पानी," ती म्हणाली.

पाटलाची काठी खाली आली. त्यानं आडात वाकून पाहिलं. पाणी निवळ होतं. त्यानं नातीला खाली उतरवलं. गुरवीण आत गेली, उकळून ठेवलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पोरीच्या ओठांना लावला. पोरगी एका दमात सगळं प्यायली.

"गुरवीणबाई, मोठा देव तुमच्या घरी आला म्हनून हे—" पाटील म्हणू लागला.

"देव न्हाई!" गुरवीण ओरडली. "डोळं फुटलं का तुमचं? मोरी हाय ही! खरकट्याची, धुण्याची, भांड्याची मोरी! पानी न्या. आड माजा एकटीचा न्हाई. पर नुसती रिकामी घागर घिऊन कुनी येऊ नगा. घरची पयली फरशी उकरा, मंग या."

अळवातून कासवाचा आवाज आला. आता तो फार बारीक झाला होता. "आणि दूध घेऊन तर अजिबात येऊ नका."

त्या दिवशी गावात कुदळींचा आवाज सुरू झाला. तहान लागल्यावर आधी वरची आळी की खालची, हे कोणी विचारलं नाही. पाटलाची फरशी सर्वांत जाड होती, म्हणून त्याचा घाम सर्वांत जास्त गळला.

पण लहानांनो, इथे टाळ्या वाजवू नका. तळं काही पुढच्या पावसात निवळलं नाही. एका पिढीनं जे घालवलं, ते परत यायला दोन पिढ्या लागल्या. ज्यांनी फरशा घातल्या, त्यांच्यापैकी एकानंही तळ्याचं गोड पाणी पुन्हा चाखलं नाही. पाटलाची नात आजी झाली तेव्हा कुठे तळ्यात मासा दिसला. आणि कासव? त्याला शेवटपर्यंत आपल्या तळ्यात परत जाता आलं नाही. मासा दिसायच्या कितीतरी आधी, एका थंडीत ते अळवाच्या वाफ्यातच मेलं.

त्याला माती देताना पाटलाला हुंदका आवरेना. डोळे पुसत तो म्हणाला, "आपन हितं कासवदेवाचं मोठं देऊळ बां—"

गुरविणीनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

पाटलानं खाली पडलेली कुदळ उचलली, घरी गेला आणि परसात उरलेली शेवटची फरशी उकरू लागला.

तात्पर्य: आपल्या घरच्या मोरीतून जे बिघडतं, ते देवळात हात जोडून सुधारत नाही, ते मोरीपाशीच सुधारावं लागतं.