केतकीला हरवणारा संघ

"आपा, तिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?"

शमीमआपा सुपारी कातरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुणात?"

"केतकीत."

"तिच्याकडे कासव आहे," आपा म्हणाल्या. "तुझ्याकडे नाही."

कौस्तुभ आवटीला हे उत्तर नको होतं.

मिरजेत पोरं कुणाकडे शिकायला जातात म्हटलं, की लोक गाणंच समजतात. शमीमआपांकडे पोरं 'अरण्यवीर' शिकायला येत. मोबाइलवरचा खेळ. जंगलात हिंडायचं, अजब प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं, आणि त्यांतले सहा निवडून दुसऱ्याच्या सहांशी झुंजवायचे. आपांनी एके काळी त्यात भल्याभल्यांना रडवलं होतं. आता त्या स्वतः खेळत नसत. नुसत्या बघत.

प्रत्येक प्राण्याचं एक कूळ. आग झाडाला जाळते, झाड पाणी पिऊन टाकतं, पाणी आगीला विझवतं. तसंच दगडात वीज जिरते, विजेपुढे वारा टिकत नाही, आणि वारा दगडाला झिजवतो.

कौस्तुभ आपांचा सगळ्यांत जुना शिष्य. त्याच्या संघात सहाही आगीचे. एकेक असा जळजळीत, की समोरचा आधीच गळाठून जायचा.

केतकी कोरे दिवाळीनंतर आली. तिच्याकडे प्रत्येक कुळातलं एकेक, आणि दिसायला सगळी बापुडी. तिच्या त्या एका कासवानं कौस्तुभच्या सगळ्या आगी ओळीनं विझवल्या होत्या.

आपा दर वर्षी एकाच शिष्याला कोल्हापूरच्या स्पर्धेला पाठवत. यंदा त्यांनी केतकीचं नाव घेतलं.

"तुझ्या संघात समतोल नाही, कौस्तुभ."

"समतोल आणला तर?"

"आण की."

"मग मी जाणार?"

आपांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं...

कौस्तुभ उठून गेला.

त्यानं आपले आगीचे प्राणी जंगलात सोडून दिले. एकच ठेवला. बाकीचे नव्यानं पकडले, वाढवले. प्रत्येक कुळातला एकेक.

पण तेवढ्यावर तो थांबला नाही. केतकीच्या झुंजी त्यानं पुन्हापुन्हा पाहिल्या. ती आधी कुणाला उतरवते, मग कुणाला. पाखरू कधी झेपावतं, कासव कधी डोकं बाहेर काढतं. कासव उतरवण्याआधी ती खालचा ओठ चावते, हेही त्यानं हेरलं.

आई जेवायला हाका मारायची. तो ताटावर बसायचा आणि आपा केतकीला कधी 'वा' म्हणाल्या होत्या, ते आठवायचा. घास तोंडातच फिरायचा.

एकदा तो शिकवणीला आला, तेव्हा केतकी आपांशेजारी बसून शेंगा सोलत होती. दोघी कशावर तरी हसत होत्या. त्याला पाहून केतकीनं मूठभर शेंगा पुढे केल्या.

"कौस्तुभदादा, घे ना."

"मला चालत नाहीत," तो म्हणाला. त्याला शेंगा फार आवडत.

मग तो एका सकाळी आपांपुढे येऊन उभा राहिला.

"आपा, तिच्याशी झुंज लावा. जिंकेल तो कोल्हापूरला जाईल."

आपांनी केतकीकडे पाहिलं.

"लावू या की," केतकी म्हणाली. "मज्जा येईल."

झुंज लवकर संपली.

तिनं खार उतरवली. खारीची सगळी वीज कौस्तुभच्या दगडानं पोटात घेतली. तिचं पाखरू झेपावलं, आणि त्याच्या विजेच्या सापानं त्याला एका तडाख्यात खाली पाडलं. मग केतकीनं ओठ चावला. कौस्तुभनं कासव दिसायच्या आत आपलं झाड उतरवलं. झाडानं कासवाला सुकवून टाकलं.

तिचा एकही प्राणी उभा राहिला नाही.



केतकीनं पडद्यावरून मान वर केली.

"काय बांधलायस रे संघ, दादा! मला श्वास घ्यायला फट ठेवली नाहीस."

ती मनापासून बोलत होती. कौस्तुभला ते झोंबलं. तिनं रडायला हवं होतं.

त्यानं आपांकडे पाहिलं.

"तू जा कोल्हापूरला," आपा म्हणाल्या.

"वा" म्हणाल्या नाहीत.

कोल्हापुरात पहिल्याच फेरीत त्याच्यासमोर गडहिंग्लजच्या एक बाई आल्या. पर्समधून चष्मा काढत म्हणाल्या, "सांभाळून घ्या हं. माझी पहिलीच स्पर्धा."

त्यांच्या संघात सगळी पाखरंच. सहाही वाऱ्याची.

"मला पाखरं आवडतात," त्या म्हणाल्या.

कौस्तुभला हसू आलं. त्यानं विजेचा साप उतरवला. पहिलं पाखरू तडाख्यासरशी कोसळलं.

...आणि साप निपचित पडला.

केतकीकडे पाखरू एकच होतं. एकाच तडाख्यात सगळी ताकद ओतायची, एवढंच कौस्तुभनं सापाला शिकवलं होतं.

दुसरं पाखरू आलं. त्यानं दगड उतरवला. दगडाला नुसती वीज गिळता येत होती. पाखरानं त्याला झिजवून वाळू केली. झाडाला नुसतं पाणी प्यायला शिकवलेलं. ते पाण्याविना तिष्ठत उभं राहिलं आणि मोडलं. उरलेल्यांचंही तेच झालं.

कौस्तुभचं लक्ष बाईंच्या ओठांकडे होतं. त्या ओठ चावतील, मग कासव येईल, याची तो वाट पाहत होता.

कासव आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो आपांकडे आला. केतकी आतल्या खोलीत नव्या पोरांना शिकवत होती. तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"हरलो," तो म्हणाला.

"कळलं."

"असं कसं झालं, आपा? समतोल होता ना! सहा कुळांचे सहा होते. त्या बाईंकडे तर नुसती पाखरं. समतोल असून मी हरतो आणि नसून त्या जिंकतात?"

आपा सुपारी कातरत राहिल्या.

"तुम्हीच म्हणालात समतोल आण. आणला. तुम्हाला माझं काहीच पटत नाही. तिनं काहीही केलं तरी..."

आतून पोरांच्या हसण्याचा आवाज आला.

"दगड कशासाठी घेतलास?" आपांनी विचारलं.

"खारीची वीज जिरवायला."

"साप?"

"पाखरू पाडायला."

"कुठलं पाखरू?"

"केतकीचं."

"झाड?"

"कासवासाठी..."

"आणि तुझ्या जुन्यांतली ती आग? ती एक का ठेवलीस? आवडायची म्हणून?"



"तिचं झाड जाळायला," तो हळूच म्हणाला.



मग आपांनी हात पुढे केला. त्यानं आपला फोन त्यांच्या हातावर ठेवला. आपांनी तो एकदा उघडून पाहिला. सहाही प्राणी पडद्यावर रांगेत उभे होते.

"केतकी!" त्यांनी हाक मारली.

केतकी दारात आली. तिनं कौस्तुभकडे पाहिलं, मग आपांकडे.

आपांनी फोन तिच्यापुढे धरला.

"हे सहा तुझे आहेत, पोरी. याच्याकडे राहिले होते. घेऊन जा."