उत्तमराव सुतारांच्या हाताखाली

"पण सर, गेलेल्या माणसाकडे रजेचा अर्ज जाईलच कसा?"

केतकीने विचारलं खरं, पण आवाज तिचा तिलाच परका वाटला.

शिरोलीच्या त्या ओतकामाच्या फाउंड्रीची सगळी उतरंड तिनेच सॉफ्टवेअरमध्ये बसवली होती. कोण कोणाच्या हाताखाली, कोणाची रजा कोण मंजूर करणार, सगळं. खासनीस सरांनी हे काम तिला हाताला धरून शिकवलेलं.

पडद्यावर अर्ज होता. वैजयंता सुतार, साचे विभाग. कारण: वडिलांचं दिवसकार्य. मंजुरी: उत्तमराव सुतार, विभागप्रमुख.

"उत्तमराव म्हणजे तिचे वडीलच," सर म्हणाले.

"मला काय माहीत, सर! सुतार तर ढीगभर आहेत तिथे."

"उत्तमराव गेले, हे तुला आधीच माहीत होतं?"



केतकीला माहीत होतं. पण प्रमुखाची चौकट रिकामी केली की अख्ख्या विभागावर लाल खूण यायची, आणि दुसऱ्याच दिवशी मालकांना सगळं हिरवंगार दाखवायचं होतं. म्हणून नवा माणूस नेमेपर्यंत तिने त्यांना तिथेच राहू दिलं.

"तुम्हीच शिकवलंत ना," ती जरा फणकाऱ्यानेच म्हणाली, "की रचना हुद्द्यांची करायची? माणसं येतात, जातात. हुद्दा राहतो."

"शिकवलं खरं..."

सरांनी पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

अर्ज तसाच पडून होता. मंजुरी नाही म्हणून गैरहजेरी लागत गेली, आणि गैरहजेरी साचली तशी कामावरून कमी करण्याची नोटीस आपोआप घरी गेली. बाप गेलेल्या घरी. त्यानंतर वैजयंता फिरकलीच नाही.

"दुरुस्त करते, सर. आत्ता नाव बदलते, नोटीस मागे घेते, कुणाला कळणारही—"

सरांनी लॅपटॉप मिटला. त्या एवढ्याशा आवाजानेही ती दचकली.

त्यांनी टेबलावरचा फोन तिच्यापुढे सरकवला.

"मी? सर... ती रडली तर?"

"रडेल."

केतकीने वैजयंताच्या घरचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, थांबली. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"नाही उचलत, सर. उद्या करू या का?"

"तीही मंजुरीची वाटच बघत होती ना, केतकी?"

तिने पुन्हा नंबर लावला.

वाजत राहिली... वाजत राहिली... आणि पलीकडे कुणीतरी उचलला. मागे भांड्यांचा आवाज. मग एक बसलेला आवाज.

"हॅलो... कोण बोलतंय?"

केतकीने घसा साफ केला. "नमस्कार, मी कंपनीच्या सिस्टिम विभागातून—"

सरांनी तिच्या मनगटावर अलगद हात ठेवला.

"हुद्दा नको, पोरी. नाव सांग."