नकाशात नसलेल्या देशाचा शिक्का

"आणि सातव्या क्रमांकानंतर?" लेइदाबाईंनी विचारलं.

"सातच पुरेत, बाई. लहान देशाने अंथरूण पाहून पाय पसरावेत."

तार्मो हसला. बाल्टिक समुद्राकाठच्या त्या चिमुकल्या देशाच्या परराष्ट्र खात्यात तो नुकताच मोठ्या खुर्चीवर बसला होता, आणि ती खुर्ची थोडी डोक्यातही गेली होती. देशाने कोणाकोणाची मैत्री आधी जपावी, याची त्याची यादी उद्या मंत्र्यांपुढे जायची होती. त्याआधी आपल्या म्हाताऱ्या गुरूने ती पाहावी आणि शाबासकी द्यावी, एवढ्यासाठी तो बाईंच्या घरी आला होता.

"कोणी राहिलं नाही ना?"

"दक्षिणेतल्या एका बेटाचे पाहुणे तीन दिवसांपासून भेट मागताहेत. समुद्र बेट गिळतोय म्हणे. उद्या नकार कळवतो. त्यांचा आपल्याला काय उपयोग?"

बाई उठल्या. कपाटातून एक रबरी शिक्का काढून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवला...

तार्मोला तो ठाऊक होता. शेजारच्या बलाढ्य सत्तेने देश घशात घातला होता, तेव्हा परक्या शहरात, एका बेकरीच्या माडीवर, बाईंनी या देशाची कचेरी एकतीस वर्षं उघडी ठेवली होती. कोणी येवो न येवो, दर सोमवारी त्या शिक्क्याची गादी शाईने ओली करायच्या.

"खाली काळा पाव भाजायचे," बाई म्हणाल्या. "वास आला की जीव घरी जाऊन यायचा. फार एकटी होते रे मी... तरी ते दिवस अजून हवेसे वाटतात."

त्यांनी शिक्क्याकडे बोट दाखवलं.

"आपला एक खलाशी होता, एल्मार. त्याच्या पासपोर्टवर मी हा शिक्का मारला. थोड्याच दिवसांत तो बोटीवर तापाने फणफणला. तीन मोठ्या बंदरांनी त्याला उतरू दिलं नाही. म्हणाले, असा देशच नाही."

"मग?"

"चौथं बंदर अगदी छोटं. तिथल्या कारकुनाने पासपोर्ट उलटसुलट पाहिला. म्हणाला, शिक्क्याची शाई ताजी आहे, म्हणजे घरात माणूस आहे. आणि त्याला दवाखान्यात नेलं. एल्मार जगला."

"कोणता देश तो?"

बाईंनी नाव सांगितलं. "बघ तुझ्या यादीत."

तार्मोने यादी वरून खाली वाचली. मग खालून वर. त्याचे कान तापले.

"नाही, बाई..."

लेइदाबाईंनी यादीची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"एल्मारला उतरवून घेतलं, तेव्हा त्यांच्या यादीत तरी आपण कुठे होतो?"