वाळल्या वेताचं म्यान

चैत्रातला सोमवार, दिवस उगवून चार घटका झालेल्या, डोंगरगडाचा मोठा दरवाजा. दरवाजाशी तीन वारली पाड्यांच्या कोयत्यांचा ढीग, आणि ढिगासमोर कंबरेवर हात ठेवून उभी सोमी.

"आमचे कोयते दे, राजा!"

"महाराजांना अरे-तुरे?" कोतवाल ओरडला.

"देवालाही आम्ही तूच म्हणतो. तो नाही कधी रागावला!"

आदल्या दिवशी बाजारात पाती उपसली गेली, दोघांची डोकी फुटली. राजाने फर्मावलं, पाड्यांवरचे सगळे कोयते जप्त!

"पहिलं पातं उपसलं ते कोतवालाच्या मेहुण्यानं. तलवार होती ती!" सोमी म्हणाली. "सगळ्या बाजारानं पाहिलंय."

कोतवालाला एकदम खोकला आला. राजाने कानाडोळा केला. दिलेला हुकूम मागे घ्यायची त्याच्या घराण्यात चालच नव्हती.

"राब तोडायचे, फांद्या जाळून शेत भाजायचे दिवस आहेत. कोयता नाही तर राब नाही, राब नाही तर नाचणी नाही. मग खायचं काय? तुझा हुकूम?"

राजाचा हात सवयीने तलवारीच्या मुठीवर गेला. मग तो मिशीत हसला.

"तुझा बाप म्यानं करतो ना?"

"त्याचे हात थरथरतात आता. मी करते."

"मग असं म्यान कर, की माझ्या पैलवानाला त्यातून कोयता निघू नये आणि तुला मात्र दोन बोटांनी निघावा! खिळा नको, कुलूप नको, गाठ नको. मुदत उद्या दुपारपर्यंत. जमलं तर कोयते परत. नाही तर वितळवून त्यांचे खिळे करीन!"

सोमीने शिवणीच्या लाकडाच्या दोन फळ्या कोरल्या. मध्ये बापाचा कोयता ठेवला, ओढ्यात रात्रभर भिजवलेला वेत वरून करकचून गुंडाळला, टोकं विणीतच खोचली आणि सकाळीच म्यान तापल्या कातळावर टाकलं.

दुपारी दरबार भरला. पैलवानाने ओढलं. मग दोन पैलवानांनी मिळून ओढलं. शेवटी राजाने स्वतः म्यानावर पाय देऊन हिसका मारला. पागोटं पडलं, कोयता हलला नाही!

"काढ आता तू!"

सोमीने ओलं फडकं वेताला गुंडाळलं आणि खाली मांडी घातली.

"हे काय?"

"बस की. पान खा."

राजाने तीन पानं खाल्ली. दोन घटका गेल्या. मग सोमीने फडकं सोडलं, दोन बोटं लावली आणि कोयता अलगद बाहेर आला.

"वाळला वेत राजाचंही ऐकत नाही. भिजला की पोराचंही ऐकतो!"

"पण एवढा वेळ?" राजा कडाडला. हात पुन्हा मुठीवर! "असलं म्यान काय कामाचं?"

"कामाला दोन घटका थांबता येतं, राजा. रागाला येतं का? बाजाराला येताना आम्ही वाळलं म्यान आणू. वेत भिजेपर्यंत ज्याचा राग टिकेल, त्याला खुशाल तुरुंगात टाक!"

राजाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. "माझ्या तलवारीलाही असलंच एक कर!"

"आजच कर गं बाई!" पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला.

घाटातलं वेताचं रान सोमीला बक्षीस मिळालं. कोयते संध्याकाळच्या आत पाड्यांवर पोचले.

कोतवालाच्या मेहुण्याची तलवार मात्र परत करावी लागली नाही. ती जप्त झालीच नव्हती. का नाही, हे सोमीने त्यानंतर तीनदा विचारलं आहे. कोतवालाला अजून खोकलाच येतो आहे.