खापऱ्यांची माळ

फार फार जुनी गोष्ट. एका राजाचा गड होता, उंच आणि उघडाबोडका. वर ना विहीर, ना झरा. पायथ्याच्या नदीचं पाणी पाणके वर न्यायचे, मोठाल्या रांजणांत भरून ठेवायचे आणि सारा गड त्यावर उन्हाळा काढायचा. हे रांजण पायथ्याला राजाच्या भट्टीवर घडायचे. तिथे कुंभारांवर एक मुकादम नेमलेला होता. मेल्याने जन्मात कधी माती मळली नव्हती, पण तोंड मात्र भट्टीहून तापलेलं!

या मुकादमाने एक रीत पाडली. ज्याचा रांजण तडकेल, त्याच्या गळ्यात फुटक्या खापऱ्यांची माळ घालायची आणि बाकीच्यांनी भोवती उभं राहून हसायचं. जो हसणार नाही, त्याच्याही गळ्यात माळ.

मग काय होणार? कुंभार तडे बुजवू लागले. मेणात राख कालवायची, फटीत भरायची, वरून गेरू फासायचा. रांजण बोटाने वाजवून पाहायची कुंभारांची जुनी चाल. खणखणला तर पक्का, बद्द वाजला तर तडकलेला. मुकादमाने ती चालच बंद केली. "वाजवाल तर याद राखा!" दरसाल तो राजापुढे जाऊन सांगायचा, "महाराज, यंदाही एक रांजण तडकला नाही." राजा खूश. मुकादमाला शेला, मुकादमाला कडं. गडावर एखादा रांजण गळलाच, तर खापर पाणक्यांवर फुटायचं.

त्या भट्टीवर येसू नावाची कुंभारीण होती. तिची लेक गडावर दिलेली, वैशाखात बाळंत होणार होती. त्या साली लाकडं ओली निघाली, भट्टी बिघडली आणि जवळजवळ सगळेच रांजण तडकले. सगळे मुकाट्याने मेण वितळवायला बसले. येसूचा हात काही चालेना. याच रांजणांच्या भरवशावर तिची लेक बाळंत व्हायची होती!

ती उठून मुकादमापुढे गेली. "दादा, हे रांजण वर पाठवू नका. माझेही तडकलेत. पुन्हा घडवू."

"तडकलेत? घाला माळ हिला!"

माळ पडली. सगळे हसले. रोज तिच्या शेजारी बसून भाकरी खाणारी तिची जाऊसुद्धा हसली, खाली बघून. येसूच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हसा! तोंडचं पाणी पळेल, तेव्हाही असंच हसा!" तिने माळ ओरबाडून काढली, मुकादमाच्या पायाशी आपटली आणि चालती झाली.

घरी तिने स्वतःच्या अंगणात, सुक्या लाकडांवर दोन माठ भाजले, वाजवून पाहिले आणि ते घेऊन लेकीच्या बाळंतपणाला गडावर गेली.

वैशाखाच्या उन्हात मेण सुटलं. एकामागून एक रांजण गळू लागले, पाणी मातीत जिरलं. गडावर हाहाकार उडाला. येसूच्या लेकीचं बाळ त्याच सकाळी जन्मलं होतं, आणि पाणी उरलं होतं ते त्या दोन माठांत. येसू शेजारच्या पोरांना घोटघोट पाणी देत होती, तेवढ्यात पाणी शोधत राजा दारात आला. मागे मुकादम होताच.

"बाई, घोटभर पाणी दे."

"देते महाराज. पण आधी वाजवून बघा."

"महाराजांना हुकूम करतेस?" मुकादम खेकसला.

"तुम्हीही वाजवा, दादा. आज तरी वाजवा!"

राजाने माठावर बोट मारलं. खणखणीत वाजला. येसूने त्याला चौकातल्या रांजणांपाशी नेलं. पहिला वाजवला, बद्द. दुसरा, बद्द.

"भट्टीवर सगळ्यांना ठाऊक होतं, महाराज. यांनाही कळत होतं, म्हणून तर वाजवायची बंदी! सांगायला गेले, तर माझ्या गळ्यात माळ पडली. आणि तुम्ही दरसाल शेले वाटलेत. एकदा तरी बोट मारून पाहिलंत?"

राजाची मान खाली गेली. मग मुकादमाकडे वळून तो गरजला, "माळ याच्या गळ्यात घाला!"

"नको," येसू म्हणाली. "ती माळ नदीत टाका. याला माती मळायला बसवा."

तसंच झालं. पण गेलेलं पाणी काही परत येईना, आणि नवं साठवायला धड रांजण उरला नव्हता. संध्याकाळच्या आत सारा गड ओस पडला. म्हातारेकोतारे, डोलीत ती ओली बाळंतीण आणि तापल्या दगडांवरून अनवाणी चालणारा राजा, सगळे खाली उतरले.

म्हणून सांगतो, चूक सांगणाऱ्याच्या गळ्यात माळ घातली, तर चुका थांबत नाहीत, सांगणारे थांबतात.