कबुतराची ढोली आणि मातीतले दाणे

एका जंगलात टपाल वाटणारे एक कबूतर राहत असे. चिठ्ठ्या पोचवता पोचवता ते दारोदारचे मूठमूठ दाणेही जपून ठेवायला घेई. थोडे दाणे वडाच्या ढोलीत राहत. कोण कधी मागायला येईल, काय नेम? बाकीचे ते मोराला पेरायला देई. पीक निघाले की मोर घेतल्यापेक्षा जास्त दाणे परत करी. त्या वाढीतला मोठा वाटा ठेवणाऱ्यांना मिळे आणि उरलेल्यावर कबूतर आपले पोट भरी. फुकट राबायला ते काही खुळे नव्हते!

उन्हाळा तोंडावर आला होता. एका खारीने पिलांसाठी जमवलेला दाणा न् दाणा कबुतराकडे ठेवला होता. अशात कावळा ओरडत सुटला, "अहो, ऐकलंत का? ढोली अर्धी रिकामी! तुमचे दाणे गेले मातीत!" त्याचे काय जाते, जिभेला हाड थोडेच असते! पण ऐकणाऱ्यांचे धाबे दणाणले. कबुतराकडे दाणे ठेवलेल्या उंदराने मोराच्या शेताकडे धूम ठोकली. खारही धापा टाकत मागोमाग धावली. दाणे बुडाले तर पिलांना काय घालू, या विचाराने बिचारीच्या काळजाचे पाणी झाले होते.

उंदीर भराभरा माती उकरू लागला. "थांबा!" कबूतर ओरडत आले. "कोंब फुटलेत. आता उपटलेत तर ना साठवता येतील, ना पुन्हा पेरता येतील!"

"तू गप रे! माझे दाणे मला आत्ता हवेत," उंदीर म्हणाला.

खारीनेही मातीत पंजा घातला. ओला कोंब हाताला लागला आणि ती थबकली. तिने विचारले, "कबूतरदादा, पिलं उपाशी आहेत रे. आजच्यापुरते दाणे देशील?"

"चल की, खारूताई! ढोलीत ठेवलेत ते कशासाठी?" कबूतर म्हणाले आणि त्याने लगेच दाणे काढून दिले. खारीच्या जिवात जीव आला. बाकीचे तिने मातीतच राहू दिले.

उंदीर मात्र उकरतच राहिला. मागे वळून पाहतो तो काय, कावळा त्याचे कोंब मटकावत होता! "अरे चोरा, ते माझे आहेत!"

"तुझेच रे, मामा," कावळा चोच पुसत म्हणाला, "पण मातीत होते तोवर मला कुठे मिळत होते?"

भर उन्हाळ्यात खारीला ठेवल्याहून जास्त दाणे मिळाले आणि तिची पिले पोटभर जेवली. उंदीर ढोलीपाशी आला, पण त्याच्या नावाचा दाणा आता कुठेच नव्हता.

तात्पर्य : कामाला लावलेली ठेवच वाढते, शंका आली तर आधी विचारावे, ऐकीव गोष्टीवर आपलेच पीक उपटू नये.